बोटीला वाट दाखवणारे दोन खांब

मे महिन्यातली शनिवारची संध्याकाळ. मिशिगनमधल्या पाँटिॲक लेकवरून आम्ही घरी निघायची तयारी करत होतो आणि पश्चिमेकडून वारा सुटला होता. मी गाडी मागे घेत बोट वाहून नेणारा ट्रेलर पाण्यात उतरवला. बायको गुडघाभर गार पाण्यात दोरी धरून उभी होती, मुलगी धक्क्यावर. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ट्रेलरच्या मध्यावर आली, आता विंचचा, म्हणजे बोट ओढून घेणाऱ्या चरखीचा, पट्टा अडकवला की झालं, आणि तेवढ्यात वाऱ्याने बोटीची मागची बाजू ढकलली. बोट आडवी फिरली. ती थांबवायला बायकोने हात पुढे केला आणि तो हात बोटीचा काठ आणि ट्रेलरचं मडगार्ड यांच्यामध्ये सापडला.

हाड मोडलं नाही. पण रात्रीपर्यंत तळहाताची मागची बाजू काळीनिळी झाली आणि पुढचा आठवडाभर तिला गाडीचं स्टिअरिंग नीट धरता येत नव्हतं. त्या दिवशी घरी येताना ती एवढंच म्हणाली, "यापुढे मी पाण्यात उतरणार नाही."

तिचं बरोबरच होतं. आमची बोट १६ फुटी, ॲल्युमिनियमची, मागे ४० हॉर्सपॉवरचं इंजिन. पेट्रोल, बॅटरी, नांगर सगळं धरून वजन पाचशे किलोच्या आसपास. पाण्यावर तरंगत असताना ही पाचशे किलोंची बोट एका हाताने सरकते, पण वाराही ती तितक्याच सहज सरकवतो. आणि एकदा सरकायला लागली की हाताने थांबत नाही. हे मला कळत होतं, तरी दोन वर्षं मी बायकोला पाण्यात उभं करत आलो होतो. ते मनाला फार लागलं. त्याच रात्री ठरवलं की ट्रेलरला मागे खांब बसवायचे.

ज्यांनी बोट ट्रेलरवर चढवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रेलरवर लांबीच्या दिशेने दोन लाकडी पट्ट्या असतात, त्यांवर कारपेट ठोकलेलं असतं. इथे त्यांना बंक म्हणतात. बोटीचा तळ या दोन बंकांवर बरोबर मधोमध बसला पाहिजे. चार बोटं जरी इकडेतिकडे झाली, तरी बाहेर ओढल्यावर बोट एका कुशीवर कललेली दिसते, मग पुन्हा पाण्यात जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. गंमत अशी की चढवायच्या वेळी ट्रेलर पाण्याखाली असतो. बोट चालवणाऱ्याला तो दिसत नाही. रिकामा असताना गाडीच्या आरशातूनही दिसत नाही, कारण तो इतका बुटका असतो की गाडीच्या मागच्या काचेखाली लपतो. ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना उभे खांब लावले की या दोन्ही अडचणी सुटतात. खांब पाण्याच्या वर राहतात, त्यामुळे वाट कुठे आहे ते लांबून दिसतं, आणि बोट बाजूला जायला लागली तर ती खांबाला टेकते, मडगार्डवर चढत नाही.

तयार संच मिळतात, चांगलेही असतात. पण मला खांबावरचं प्लास्टिक गोल फिरणारं हवं होतं. बोट टेकली की ते फिरावं आणि बोट पुढे सरकावी, अडखळू नये, म्हणून. शिवाय बायकोचा हात ज्या ट्रेलरमुळे दुखावला तो मला स्वतःच्या हाताने नीट करायचा होता.

आधी माप. बोटीची रुंदी मागच्या टोकाला मोजून चालत नाही, ती मध्यावर जास्त असते. मी दोन्ही काठांवरून दोरीला नट बांधून ओळंबे सोडले, जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. ७४ इंच आलं. ट्रेलरच्या मागच्या आडव्या चॅनेलची, म्हणजे चौकटीच्या लोखंडी दांड्याची, लांबी ५२ इंच. म्हणजे खांब चॅनेलच्या बाहेर दोन्ही बाजूंना फूट-सव्वा फूट काढायला हवे. त्यासाठी इंग्रजी एल अक्षरासारखी रचना: चॅनेलला घट्ट बांधलेला आडवा पाइप, टोकाला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, एल्बोतून वर जाणारा उभा पाइप, आणि उभ्या पाइपवर पीव्हीसीची नळी. उंची ५ फूट ठेवली. ट्रेलरची चौकट जमिनीपासून १८ इंचांवर, म्हणजे टोक साडेसहा फुटांवर. गॅरेजचं दार ७ फुटांचं. हे मोजल्याशिवाय पाइप कापू नका, एवढं आवर्जून सांगेन.

मग दुकानात जाऊन सव्वा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, पाइप घेतला आणि त्यावर घालायला दीड इंची पीव्हीसी. सव्वावर दीड आरामात जाईल, असा हिशेब. घरी आल्यावर नळी पाइपच्या तोंडावर ठेवली तर आतच शिरेना. कड तासली, साबणाचं पाणी लावलं, लाकडी हातोडीने ठोकलं. नाही म्हणजे नाही. शेवटी व्हर्नियर कॅलिपर काढला. सव्वा इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास निघाला ४२.२ मिलिमीटर, आणि दीड इंची पीव्हीसीच्या (शेड्यूल ४० या नेहमीच्या जाडीच्या) आतला व्यास जेमतेम ४०.९. पाइपाचं नाव म्हणजे त्याचं माप नव्हे. एक इंची लोखंडी पाइप बाहेरून ३३.४ मिलिमीटर, म्हणजे एक इंचापेक्षा आठ मिलिमीटर जास्त असतो. प्लंबर लोकांना हे पाठ असतं. मी इंजिनिअर असूनही कधी प्रत्यक्ष मोजून पाहिलं नव्हतं.

दोन पर्याय होते. लोखंड एक इंची करायचं, नाहीतर पीव्हीसी दोन इंची. एक इंची पाइप पाच फूट उंचीवर बोटीचा धक्का खाऊन वाकेल असं वाटलं, म्हणून सव्वा तसाच ठेवला आणि पीव्हीसी बदलून आणली. दोन इंचीच्या आतला व्यास ५२.५ मिलिमीटर, म्हणजे दहा मिलिमीटरची फट. ती नळी सुंदर फिरायची, पण ट्रेलर जरा हलवला की खडखडाट. गॅरेजच्या खिळ्यावर मुलीच्या जुन्या सायकलची ट्यूब लटकत होती. तिच्या तीन-तीन इंच रुंद पट्ट्या कापल्या आणि लोखंडी पाइपला वर एक, मध्ये एक, खाली एक अशा गुंडाळल्या. दोन वेढे दिले तर नळी सैल, चार दिले तर फिरेना. तिसऱ्या वेढ्याला बरोबर जमलं. नळी हाताने फिरवली की रबरावर दबकत फिरायची आणि सोडली की जागच्या जागी थांबायची. आवाज नाही. त्या संध्याकाळी मी ती नळी किती वेळा फिरवून पाहिली असेल कोण जाणे.

पांढरं पीव्हीसी उन्हात हळूहळू ठिसूळ होतं. वीजकामाच्या करड्या नळ्या मिळतात, त्या उन्हाला जास्त टिकतात. तरी मी पांढऱ्याच घेतल्या, कारण संधिप्रकाशात आरशातून पांढरं दिसतं, करडं दिसत नाही. काही वर्षांनी नळी बदलावी लागली तर बदलू.

याच दरम्यान लक्षात आलं की डाव्या बंकचं लाकूड मागच्या टोकाला कुजलंय. नवी फळी आणायला गेलो तेव्हा हात आपसूक ट्रीटेड, म्हणजे रसायन मुरवलेल्या, लाकडाकडे गेला, पाण्यात कुजत नाही म्हणून. शेजारचे गृहस्थ सोबत होते म्हणून वाचलो. ते मोटारींच्या कारखान्यात डाय, म्हणजे साचे, बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांनी फळी परत ठेवायला लावली. २००३ नंतर इथे घरगुती वापराच्या ट्रीटेड लाकडातून आर्सेनिक गेलं आणि त्याच्या जागी तांब्याचं प्रमाण वाढलं. ओल्या कारपेटमधून ते तांबं ॲल्युमिनियमला लागलं की तळाला बारीक भोकं पडत जातात. ॲल्युमिनियमची बोट असेल तर बंकला साधंच लाकूड, चांगलं रंगवून. चार-पाच वर्षांनी फळी बदलावी लागेल, पण फळी बदलता येते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबा मालवणहून आले. ते आयुष्यभर शाळेत शिकवायचे, मासेमारी त्यांनी कधी केली नाही. पण घर दांडीच्या किनाऱ्याजवळ, त्यामुळे होड्या ओढताना पाहणं आणि हात लावणं लहानपणापासूनचं. जूनमध्ये तिकडे मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांनी समुद्रात जायचं नाही, होड्या वर ओढून शाकारलेल्या. आणि इथे नेमकं बोटीचं काम चालू असलेलं पाहून ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले.

मी तेव्हा खांबांमधलं अंतर ७५ इंच ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच. वाटलं, जितकी फट कमी तितकी बोट सरळ बसेल. बाबांनी टेप स्वतः धरून मोजलं, मग बोटीकडे पाहिलं.

"खांब इतके जवळ कित्याक?"

म्हटलं, "म्हणजे बोट हलणार नाही."

"अरे, बोटीक वाट दाखव. तिका धरून ठेवू नको."

मग त्यांनी सांगितलं. होडी वर घ्यायची तर वाळूवर ओंडके टाकतात. होडी पुढे गेली की मागचा मोकळा झालेला ओंडका उचलायचा आणि पळत जाऊन पुढे टाकायचा. दोन्ही बाजूंना माणसं चालतात, पण ती होडी पकडत नाहीत. हात अंगापासून टीचभर लांब. होडी कलली तरच खांदा द्यायचा, आणि सावरली की लगेच बाजूला व्हायचं. नवखा माणूस भीतीने धरून ठेवतो, मग होडी तिरकी होते आणि ओंडक्यावरून घसरते.

मी त्यावर रात्रभर विचार केला. त्यांचं म्हणणं हिशेबातही बसत होतं. बोट पाण्यात उतरवायचा रॅम्प उताराचा, त्यामुळे ट्रेलर तिरका असतो, पण तरंगणारी बोट सपाटच राहते. बोटीचा सगळ्यात रुंद भाग आणि खांब एकमेकांसमोर येतात तेव्हा दोघांचे कोन वेगळे असतात. त्यात लाटेवर बोट डुलते. अर्ध्या इंचात ती नक्की अडकली असती. शिवाय बोट मधोमध बसवायचं काम शेवटी बंकच करतात, खांबांनी तिला फक्त बंकांपर्यंत आणायचं. सकाळी उठून अंतर ७७ इंच केलं, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच.

आडवे पाइप चॅनेलला बांधायला चौकोनी यू-बोल्ट वापरले, प्रत्येक बाजूला दोन, एकमेकांपासून फूटभर अंतरावर. गोल पाइप यू-बोल्टच्या सपाट पट्टीखाली नुसता आवळला तर तो फिरतो, म्हणून पट्टीतून आणि पाइपातून आरपार भोक पाडून प्रत्येकी एक बोल्ट घातला. भोक पाडलं की तिथलं जस्त जातं आणि गंज धरतो, त्यामुळे प्रत्येक भोकावर जस्ताचा स्प्रे मारला.

आणखी एक भोक महत्त्वाचं आहे. एल्बोच्या तळाशी आणि आडव्या पाइपच्या खालच्या अंगाला पाणी निचरायला भोक हवं. इथल्या थंडीत आत राहिलेलं पाणी गोठून पाइप फोडतं, हे एक कारण. दुसरं कारण तळ्यांचं. १९८८ साली जवळच्या लेक सेंट क्लेअरमध्ये बाहेरून आलेले, तळी बिघडवणारे झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले आणि तिथून ते तळ्यातळ्यांत पसरले, बऱ्याचदा बोटी आणि ट्रेलरमधल्या पाण्यातूनच. २०१९ पासून मिशिगनमध्ये बोट रस्त्यावर आणण्याआधी बूच काढून सगळं पाणी सोडून देण्याचा कायदा आहे. बोटीचं पाणी सोडायचं आणि पाइपात लिटरभर घेऊन दुसऱ्या तळ्यावर जायचं, याला काय अर्थ? या गोष्टीबद्दल मी फार आग्रही आहे. ज्या पाण्याने आपल्याला इतका आनंद दिला त्याची एवढी काळजी घ्यायलाच हवी.

पहिली चाचणी एका बुधवारी, वारा नसताना. बोट पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर मागे घेतला आणि आरशात दोन पांढरे खांब दिसले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी एका दमात, गाडी पुढे-मागे न करता ट्रेलर रॅम्पवर सरळ उतरवला. फक्त त्यासाठी जरी खांब लावले तरी पैसे वसूल.

बोट चढवताना मात्र गडबड झाली. वाऱ्याची नक्कल करायला बाबांनी धक्क्यावरून बोट मुद्दाम बाजूला ढकलली. ती डाव्या खांबाला टेकली, नळी फिरली, बोट पुढे सरकली, आणि खांब हळूहळू पुढे झुकत गेला. बोट व्यवस्थित बसली, कुठे ओरखडा नाही, पण बाहेर काढल्यावर डावा खांब झोपाळू माणसासारखा पुढे कललेला. उजवा ताठ.

आधी वाटलं डाव्या बाजूचे आटे नीट आवळले नसतील. पाना लावून आवळलं, पुन्हा बोट आत घेतली, पुन्हा तेच. गॅरेजमध्ये बसून पाइप हातात घेऊन पाहिलं तेव्हा कळलं. बोट दोन्ही खांबांना पुढच्याच दिशेने ओढते. पण दोन्ही एल्बो विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेत आणि आटे मात्र दोन्हीकडे सारखेच, उजवे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळणारे. त्यामुळे पुढे ओढलं की उजवा एल्बो आवळला जातो आणि डावा उलगडतो. दर खेपेला थोडा थोडा. किती घट्ट बसवलं याचा काही संबंधच नव्हता.

मला एल्बोला वेल्डिंग करून टाकायचं होतं. शेजाऱ्यांनी ठाम नकार दिला. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती छातीत गेली की रात्री थंडी वाजून ताप भरतो. त्यांनी कारखान्यात हे पाहिलेलं. जस्त आधी घासून काढलं तर करता येतं, पण मग गंजाला तोंड मोकळं. त्यापेक्षा त्यांनी त्यांच्या ड्रिल प्रेसवर एल्बो आणि आतला पाइप दोन्हींतून आरपार पाव इंची भोक पाडलं. तेल सोडत, अगदी सावकाश, एका भोकाला पाच मिनिटं. स्टीलचा बोल्ट, स्प्रिंग वॉशर, नट. एल्बोच्या दोन्ही तोंडांना, आणि दोन्ही बाजूंना, उजव्या एल्बोलासुद्धा. तो आवळला जातो म्हणून सोडायला मी तयार होतो, पण ते म्हणाले की गाडी पुढे घेताना खांब कशाला तरी समोरून अडकला तर तोही उलगडेल. बरोबर होतं. त्यांनी मजुरी घेतली नाही. बायकोने त्यांना सोलकढी आणि तळलेला वॉलाय दिला. वॉलाय इथला गोड्या पाण्यातला मासा. मालवणी मसाला लावला की छान लागतो.

त्यानंतर आठ-दहा वेळा बोट पाण्यात नेली. खांब हलले नाहीत. वारा जोराचा असला की अजूनही थोडी कसरत होते. ट्रेलर फार खोल उतरवला तर बोट बंकांच्या वरच तरंगत राहते आणि खांबांना टेकत टेकत इकडून तिकडे डुलते, मग काही उपयोग नाही. मडगार्डचा वरचा भाग जेमतेम पाण्याखाली जाईल इतकंच उतरवायचं. आणि इंजिनाचा जोर लावून बोट चढवायची नाही, पंख्याच्या पाण्याने रॅम्पच्या टोकाखालची माती उकरली जाते आणि पुढच्या माणसाचं चाक खड्ड्यात जातं.

बाबा नारळी पौर्णिमेच्या आधी मालवणला परतले. सप्टेंबरमध्ये एका रविवारी तळ्यावर चांगलाच वारा होता, मेमधल्या त्या संध्याकाळपेक्षा जास्तच. मी ट्रेलर उतरवून विंचपाशी उभा राहिलो. बायको बोट घेऊन आली. ती खरंच पाण्यात उतरत नाही आता, ती बोट चालवते. लांबूनच तिने दोन खांबांच्या मध्ये नाळ धरली, इंजिन अगदी मंद केलं. मध्यावर आल्यावर वाऱ्याने नेहमीसारखी मागची बाजू ढकलली. बोट डाव्या खांबाला टेकली, नळी अर्धा वेढा फिरली आणि बोट पुन्हा सरळ झाली. तिने स्टिअरिंगवरचे हात काढलेसुद्धा नाहीत. मी पट्टा अडकवला आणि विंच फिरवायला लागलो.

मुलीने धक्क्यावरून त्याचा व्हिडिओ काढला होता, तो रात्री बाबांना पाठवला. सकाळी त्यांचा फोन आला. सुनेचं कौतुक केलं, तिच्या हाताची चौकशी केली. मग म्हणाले, बोट आत येताना एका जागी थांबवून नीट बघितलं मी.

"दोनय बाजूंक पाणी दिसता. बरां झालां."